चूकच ठेवू ना?

कुवेत
३ मार्च २०२५

ताई,

प्रताप फोन का करत नाही म्हणून तू सुमेधाला तीन वेळा झापलंस. ती बिचारी 'कामात आहेत' एवढंच म्हणते, कारण तिला तेवढंच म्हणायला सांगितलंय. कंपनीच्या वकिलाचा हुकूम आहे की या विषयावर फोन नाही, ईमेल नाही, व्हॉट्सअ‍ॅप तर नाहीच. कागदाचं नाव घ्यायला तो विसरला. कागदावर अजून कुणी काही लिहितं हे त्याला सुचलं नसावं. आमच्या इथल्या मराठी मंडळातली कौमुदी उद्या नाशिकला येतेय, तिच्या पर्समधून हे तुझ्यापर्यंत येईल.

१३ फेब्रुवारीला, गुरुवारी, आमच्या अर्दियाच्या वर्कशॉपमध्ये एक माणूस गेला. साकिब. तिशीचा असेल. रसायनाची एक जुनी टाकी आतून घासायची होती. अशा टाकीत उतरण्याआधी आतली हवा मीटरनं तपासायची असते, ते काम माझं. नियम असा की आधी मीटर, मग परवान्यावर माझी सही, मग माणूस. प्रत्यक्षात चालतं असं की मीटर लावायचं, मी तोंडी होकार द्यायचा, माणूस आत, आणि दिवसभराच्या सह्या सुटताना एकदम. बारा वर्षं असंच चाललंय. सेफ्टीची ढालही मिळालीय आम्हाला दोनदा.

त्या दिवशी मीटर लागलंच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत साकिब आत उतरला आणि पाच मिनिटांत संपला.

फोरमन अशरफ म्हणतो, मी केबिनच्या दारात उभा राहून विचारलं होतं, "साब, साकिब अंदर जाए?" आणि साब हाँ बोले. ताई, मी नाही म्हटलं असं. मी त्या वेळी तुझ्याशी बोलत होतो. दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तू तुझ्या ग्रीक शोकांतिकांच्या पुस्तकाची पानं वाचून दाखवतेस आणि मी डबा खात ऐकतो, तसंच. जबाबात मी फोनचं काही सांगितलं नाही. केबिनमध्ये फोनला बंदी नाही, पण उगाच तुझं नाव कशाला? जबाब एका ओळीचा आहे: 'मी हाँ म्हटलेलं नाही.' तौफीकनं तो अरबीत करून आणला. तौफीक म्हणजे आमचा मंदूब, कंपनीचे सरकारी कागद फिरवणारा. या देशात जन्मापासून मरणापर्यंत सगळं त्याच्या हिरव्या फोल्डरमधून जातं.

अशरफ कोठडीत आहे. त्याचं म्हणणं खरं ठरलं तर त्याच्या जागी मी. उर्वीची बारावीची परीक्षा चालू आहे. तिला विचारलं, पेपर कसा गेला, तर म्हणते, "इट्स फाइन, बाबा," आणि माझ्याकडे बघत नाही.

तू तीस वर्षं पोरांना शिकवलंस की खरी शोकांतिका चांगल्या आणि वाइटाच्या भांडणात नसते, दोन बरोबर माणसांच्या भांडणात असते. मग सांग. त्याला वाटतं त्यानं ऐकलं. मला माहीत आहे मी म्हटलं नाही. दोघं बरोबर कसे?

प्रताप

---

नाशिक
१२ मार्च २०२५

प्रताप,

कौमुदी पत्र आणि खजूर देऊन गेली. खजूर संपले. पत्र तीनदा वाचलं.

आधी तुझ्या वकिलाबद्दल. फार हुशार माणूस. ग्रीकांकडे असा एक जरी असता तरी त्यांच्या निम्म्या शोकांतिका पहिल्या पंधरा मिनिटांत आटोपल्या असत्या. त्यांचा नायक भर चौकात उभा राहून ओरडतो, गुन्हेगाराला शोधून काढीन, मग तो कुणीही असो! शेजारी कुणी वकील नाही जो म्हणेल, महाराज, 'कुणीही असो' एवढं गाळा. त्यामुळे ते आंधळे होतात, देशोधडीला लागतात, आणि आमच्यासारख्यांची त्यावर पेन्शन होते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर वर्गातलं देते. दोघं बरोबर असतात तेव्हा दोघांकडे खऱ्याचा एकेक तुकडा असतो, आणि दोघंही आपला तुकडा म्हणजेच पूर्ण वस्तू असं समजून हट्ट धरतात. परीक्षेत याला पाच मार्क होते. तुझ्या कामाचं त्यात काही नाही, हे मला कळतं.

तू म्हणतोस ते मी खरं मानते. तू मुद्दाम खोटं बोलणारा नव्हेस. लहानपणी बरणी तू फोडायचास आणि मी विचारायच्या आत रडायला लागायचास.

दोन फालतू प्रश्न आहेत, उगाच मनात आले. त्या दिवशी दाराकडे तुझी पाठ होती की तोंड? आणि फोन कानाला होता की ते गळ्यात लोंबतं ते यंत्र? काही विशेष नाही. मला प्रसंग डोळ्यांसमोर आणायची सवय आहे, बसवलेल्या एकांकिकांची खोड.

पुस्तक थांबलंय. शब्दसूचीपाशी अडलेय. ते राहू दे.

उर्वीला म्हणावं, आत्यानं विचारलंय. मराठीत उत्तर दिलं तर बक्षीस.

ताई

---

कुवेत
२४ मार्च २०२५

ताई,

'तू म्हणतोस ते मी खरं मानते.' तुझं हे वाक्य कापून पाकिटात ठेवलंय, सिव्हिल आयडीच्या मागे. हसू नकोस. इथे पोलिसानं अडवलं की आयडी दाखवायचा असतो. मला स्वतःलाच अडवावंसं वाटतं तेव्हा मी त्याच्या मागचं काढून वाचतो.

तुझे प्रश्न: तोंड दाराकडे होतं. फोन टेबलावर, हेडफोनचं एकच बोंड डाव्या कानात, कारण उजव्या हातानं जेवत होतो. सुमेधानं वालाची उसळ दिली होती. आता झाला प्रसंग उभा? बसव एकांकिका.

इथे रमजान चालू आहे. कचेऱ्या चार तास उघड्या असतात आणि त्या चार तासांत सगळ्यांना फायली हातावेगळ्या करायच्या असतात. ईदच्या आत आमचीही होणार असं तौफीक म्हणतो. अशरफनं कागदावर सही केली. 'आपण वरिष्ठांचा होकार न घेता माणूस आत पाठवला.' कागद अरबीत. अशरफला अरबीत प्रार्थना येते, कागद येत नाही. दुभाष्यानं हिंदीत वाचून दाखवला म्हणे. चौकशीत त्याला पुन्हा पुन्हा एकच विचारलं, तू पक्कं ऐकलंस का? पाचव्यांदा तो म्हणाला, अब पता नहीं.

एक गोष्ट मागच्या वेळी लिहिली नव्हती. साकिब हा अशरफच्या धाकट्या बहिणीचा नवरा. अशरफनंच त्याला इथे आणलं होतं.

कंपनीनं सुरक्षा सप्ताह पाळला. मला माइक दिला. मी पंचवीस मिनिटं बोललो, नियम सांगितले, टाळ्या पडल्या. मग सगळ्यांना टोप्या वाटल्या, पुढे लिहिलंय 'आधी सुरक्षा'. माझ्या वाट्याला आलेली डोक्याला घट्ट होते.

तू मला खोटं ठरवलं नाहीस, त्यामुळे झोप लागते. नाशकात एक बाई बसलीय, जिच्यासमोर मला कधी थाप मारता आली नाही, आणि ती म्हणते तू बरोबर. मला एवढं पुरतं.

प्रताप

---

नाशिक
६ एप्रिल २०२५

प्रताप,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. पहिल्या तिन्हींत माझी भाषा फार सुंदर होती. म्हणून फाडली.

पाकिटातलं ते वाक्य काढून टाक. मी ते लिहिलं तेव्हा मला माहीत होतं की ते खरं नाही.

त्या गुरुवारी मी तुला शब्दसूची वाचून दाखवत होते. नायक ज्यामुळे कोसळतो त्याला ग्रीकांचा शब्द आहे हामार्तिया. आमचे जुने प्राध्यापक त्याला 'दोष' म्हणत आले, म्हणजे माणसातच काही सडकं होतं. मूळ शब्द नेमबाजीतला आहे. बाण सोडला, नेम चुकला, एवढंच. हात चांगला होता, डोळा चांगला होता, बाण भलत्यालाच लागला. मी तुला म्हटलं, दोष नको, 'चूक' म्हणू या. तू उसळ चावत होतास. मी विचारलं, "मग चूकच ठेवू ना?"

त्याच वेळी तुझ्या बाजूनं लांबून एका पुरुषाचा आवाज आला. '...अंदर जाए?' एवढंच कळलं. मला वाटलं कुणी चहा घेऊन आलाय.

आणि तू म्हणालास, "हो."

मी वहीत लिहिलं: १३ फेब्रुवारी, दु. ३ वा., 'चूक' ठरलं. प्रतापला मान्य. तुमच्याकडे साडेबारा. साकिब किती वाजता उतरला ते तू लिहिलं नाहीस, मी विचारायचं धाडस केलं नाही.

तू हाँ म्हटलं नाहीस, हे खरंच आहे. तू 'हो' म्हणालास. तू तासभर फोनवर असलास तर शंभर वेळा 'हो' म्हणतोस. आपण सगळेच म्हणतो. त्या 'हो'चा अर्थ होकार नसतो, त्याचा अर्थ 'ऐकतोय, पुढे बोल' एवढाच. मराठी माणूस फोनवर 'हो, हो, हो' करत असतो आणि फोन ठेवून म्हणतो, छे, मला अजिबात पटलं नाही. पण तुझं तोंड दाराकडे होतं. दारातल्या माणसाला तुझ्या कानातलं बोंड दिसलं की नाही कोण जाणे. त्याला दिसलं की साहेबानं बघितलं, मान हलवली असेल, आणि उत्तर दिलं.

तो 'हो' माझा होता की त्याचा, हे आता देवसुद्धा सांगू शकणार नाही. प्रश्न दोन आणि उत्तर एकच.

तुझं पहिलं पत्र वाचतानाच मला हे कळलं होतं. मग मी खजूर खाल्ले आणि वकिलावर विनोद केले. नाटकात कोरस नावाची मंडळी असतात. त्यांना सगळं दिसतं, सगळं कळतं, ते हळहळतात आणि जागचे हलत नाहीत. वर्गात दरवर्षी एखादा पोरगा विचारायचा, मॅडम, मग ते तिथे उभेच कशाला असतात? मी म्हणायचे, पुढे कळेल. छप्पन्नाव्या वर्षी कळलं. आपला माणूस वाचावा म्हणून ते उभे असतात, बाबा.

आता तू काय करावंस ते मी सांगणार नाही. गप्प राहिलास तर अशरफ जातो. बोललास तर उर्वीचा बाप जातो. यातलं अमुक बरोबर म्हणायला मी कोण? तू विचारलं होतंस, दोघं बरोबर कसे. हे असे.

माझं नाव सांगायचं असेल तर सांग. वही माझ्याकडे आहे.

ताई

---

नाशिक
४ मे २०२५

प्रताप,

महिना झाला. कौमुदी म्हणते, पत्र तुझ्या हातात दिलं, तू तिथेच उभ्याउभ्या वाचलंस आणि तिला चहा घे म्हणालास. चहा कुणी केलाच नव्हता.

सुमेधाला फोन केला. ती म्हणते, बोलतच नाहीत. सांगितलेलं ऐकतात, उत्तर देत नाहीत. उर्वीनं रिझल्टची तारीख सांगितली तर नुसते बघत राहिले.

मला शिव्या दे. लांबलचक दे. पण लिही. नाहीतर एका शब्दात कळव की तू आहेस.

ताई

---

कुवेत
१७ मे २०२५

ताई,

आहे.

तुझं पत्र वाचून दुसऱ्या दिवशी वकिलाकडे गेलो. म्हटलं, जबाब बदलायचाय, मी होकार दिला होता. त्यानं चष्मा काढला. कोणता शब्द म्हणालात? मी सांगितला. कोणत्या भाषेतला? मराठी. त्यानं फाईल चाळली आणि माझी कीव करत म्हणाला, "मिस्टर प्रताप, या फायलीत अरबी आहे, इंग्रजी आहे, हिंदीचा दुभाषा आहे. ही तुमची भाषा या केसमध्ये कुठेच नाही." वर म्हणाला, आणि जबाब खराच आहे की! तुम्ही हाँ म्हटलेलं नाही. खरा जबाब कसा बदलणार?

मग तौफीककडे. तो माझ्याहून जास्त घाबरला. त्यानं मला गाडीत बसवलं, एसी लावला, हिरवा फोल्डर उघडून एक कागद दाखवला. साकिबच्या बायकोचं माफीपत्र, तिच्या गावाहून आलेलं, अंगठा आणि खाली शिक्के. तिनं आपल्या भावाला माफ केलंय. या कागदावर अशरफ सुटतो, पुढच्या गुरुवारी त्याला विमानात बसवून घरी पाठवतात. तौफीक म्हणाला, "तुम बोलोगे तो केस फिर खुलेगा. केस खुला तो वो नहीं जाएगा. तुम भी अंदर, वो भी अंदर. सच बोलना है तो बोलो, लेकिन पूछो किसके लिए."

ताई, तुझे नायक खरं कळलं की कोसळतात. कोसळायलासुद्धा जागा लागते. माझ्याभोवती सगळीकडे गाद्या घातल्यात.

म्हटलं, निदान अशरफला सांगू. चौकशीत तो 'अब पता नहीं' म्हणाला होता. आपण वेडे नाही, आपल्या कानांनी बरोबर ऐकलं, एवढं तरी त्या माणसाला कळायला हवं. देशाबाहेर पाठवण्याआधी माणसांना ठेवतात तिथे तौफीकनं दहा मिनिटांची भेट मिळवून दिली. मध्ये काच, दोन्हीकडे फोन. अशरफची दाढी पांढरी झालीय. मला बघून उठून उभा राहिला, साहेब आले म्हणून.

मी म्हटलं, "अशरफ, तू सही था. मैंने हाँ बोला था."

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "नहीं साब. हाँ नहीं बोला था. आपने 'हो' बोला था."

मी खुर्ची काचेजवळ ओढली.

"आपका हो मैं छह साल से सुन रहा हूँ, साब. फोन पे दिन भर चलता है. मुझे मालूम था आप फोन पे हैं, कान में तार दिख रहा था. मालूम था ये हो फोन वाला भी हो सकता है." त्यानं दाढीवरून हात फिरवला. "लेकिन जुमेरात थी, अगले दिन छुट्टी. टंकी शाम तक देनी थी. मुझे हाँ चाहिए था, तो मैंने हाँ सुन लिया."

मी म्हटलं, मी तुझ्या बहिणीला लिहितो, हे सगळं लिहितो. चूक माझी होती असं लिहितो.

"मत लिखना," तो म्हणाला. पहिल्यांदाच आवाज चढला. "दो महीने में उसने मुझे माफ किया है. खाना-पीना छोड़ के, रो-रो के किया है. अब आप बोलोगे कि गलती साब की है, तो वो क्या करेगी? उस माफी का क्या करेगी? फिर से किसको माफ करेगी? रहने दो, साब. मैं उसी घर में जा रहा हूँ. मुझे वही माफी लेके रहना है."

जे त्यानं एकट्यानं केलंच नाही त्याची माफी त्याच्या बहिणीनं त्याला दिलीय, आणि ती परत करायची त्याला सोय नाही. माझ्या वाट्याला तर माफीही नाही, कारण माझ्यावर कुणाचा आरोपच नाही.

उठताना त्यानं विचारलं, "उस दिन फोन पे कौन था, साब?" मी म्हटलं, बहन. तो म्हणाला, "अच्छा," आणि काचेपलीकडून सलाम केला. मला की तुला, ते कळलं नाही.

तो गुरुवारी गेला. त्याच दिवशी दुपारी वर्कशॉपमध्ये दुसरी टाकी घासायला घेतली. मी मीटर लावलं, सही केली, मग माणूस आत पाठवला. नवा फोरमन घड्याळाकडे बघत होता. पुढच्या आठवड्यात मोठ्या साहेबांनी बोलावून सांगितलं, तुमच्यामुळे काम मागे पडतंय, पूर्वीसारखं करा.

तुझ्यावर राग नाही. राग यावा म्हणून मी प्रयत्न केला, उर्वीच्या रिझल्टच्या दिवशी तर फार केला. तिला ब्याण्णव टक्के पडले. ती म्हणाली, "बाबा, से समथिंग." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तुझी ती शब्दसूची. तू विचारलं होतंस, मग चूकच ठेवू ना. त्या दिवशी मी तुला उत्तर दिलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. म्हणून आज देतो. ठेव. चूकच ठेव. बाण सोडणारे इतके जण होते की दोष ठेवायला माणूस सापडत नाही.

'हो' हा शब्द मी आता बोलत नाही. घरात नाही, कामावर नाही, फोनवर तर नाहीच. पलीकडचा माणूस बोलत असतो, मी ऐकत असतो. मग तो मध्येच थांबतो आणि विचारतो, "आहात ना?"

मी असतो. तो थोडा वेळ वाट बघतो आणि फोन ठेवून देतो.

प्रताप